अ‍ॅडलरसाहेबांकडची एक जागा

शनिवारी सकाळी उत्तरा परचुरे दोन कप चहा करायची. एक स्वतःला, एक हन्नाला. शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत हन्ना शेगडीला हात लावत नसे. तिनं चहा कधी मागितला नाही. उत्तराच आपण होऊन दोघींपुरतं आलं ठेचायची आणि एक कप तिच्या पुस्तकाशेजारी नेऊन ठेवायची. वर्षभर हा क्रम बिनबोभाट चालला होता.

१९८६ सालचा ऑक्टोबर होता. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, वुस्टर शहरी, एका तिमजली लाकडी घराच्या वरच्या मजल्यावर या दोघी राहत. दोघी जीवरसायनशास्त्रात पीएच.डी. करायला आलेल्या. उत्तरा पुण्याची, शाळामास्तरांची मुलगी, बोर्डात सतरावी आलेली. आणि ते सतरावेपण ती अजून विसरली नव्हती. हन्ना वाकरूळकर पेणची, कंपाउंडरची मुलगी. ती बेने इस्राएल, म्हणजे कोकणात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी ज्यू लोकांपैकी. तिच्या आज्याचा तेलाचा घाणा होता. शनिवारी घाणा बंद, म्हणून सगळा गाव त्या लोकांना 'शनवार तेली' म्हणायचा. हन्ना हे सांगताना स्वतःच हसायची. दाराच्या चौकटीवर तिनं बोटभर लांबीची एक पेटी ठोकली होती, आत प्रार्थनेचा कागद. आत शिरताना ती पेटीला बोट लावायची, आणि बघून बघून उत्तरालाही तीच सवय लागली होती.

आता या गोडव्यात माशी कुठं पडली ते सांगतो.

पहिलं वर्ष संपलं की प्रत्येक विद्यार्थ्याला कुणा एका प्राध्यापकाच्या प्रयोगशाळेत जागा मिळवावी लागे. त्या विभागात सगळ्यांचा डोळा प्रोफेसर अ‍ॅडलर यांच्या प्रयोगशाळेवर असायचा. साठीला टेकलेला, लहानपणी व्हिएन्नाहून आईचं बोट धरून पळून आलेला हा ज्यू गृहस्थ दरवर्षी एकच विद्यार्थी घेई. यंदा तीन उमेदवार होते, उत्तरा, हन्ना आणि टॉड नावाचा एक अमेरिकन मुलगा. तिघांनी उन्हाळ्यात त्यांच्याकडे तोच एक प्रयोग दोन-दोन महिने केला होता. लेखी परीक्षेत उत्तरा पहिली होती. तिनं घरी पत्रही धाडून दिलं होतं, जागा माझीच समजा.

जागा हन्नाला मिळाली.

फलकावर कागद लागला त्या दुपारी अ‍ॅडलरसाहेबांनी उत्तराला खोलीत बोलावलं, दार लावून घेतलं आणि तिची वही उघडली. "तुझा आलेख फार देखणा आहे," ते म्हणाले. "पण यंत्रातून निघालेल्या कागदाच्या गुंडाळीवर तीन आकडे जास्त आहेत. ते वहीत नाहीत."

उत्तरानं वहीकडं पाहिलं. ते तीन आकडे वाकडे आले होते, रेषेत बसत नव्हते. तिनं ते गाळले होते.

"हन्नाचा आलेख ओबडधोबड आहे," साहेब म्हणाले. "पण ती आपले वाईट दिवस लिहून ठेवते. खाली लिहिते, कारण माहीत नाही. म्हणून मी तिला घेतलं. तू हुशार आहेस, दुसरीकडे चांगलं काम करशील. हे मी कुणाला सांगणार नाही. पुन्हा करू नकोस."

एवढं कुणी आपल्याला झाकून घेतलं तर आपण काय करावं? कृतज्ञ राहावं. उत्तरा तशी राहिलीही, साधारण जिना उतरेपर्यंत. खाली अंगणात हन्ना उभी होती, आणि विभागाची सेक्रेटरी, जिला वर्षभरात उत्तराचं नाव नीट घेता आलं नव्हतं, ती हन्नाला मिठी मारत होती. उत्तराच्या पोटात जे पेटलं ते पुढं दीड महिना विझलं नाही. मत्सराला व्हिसा लागत नाही. तो आपल्या सामानातूनच येतो.

आणि मत्सराला खुराक काय कमी लागतो? हन्ना गाडी चालवायच्या परीक्षेत पहिल्या झटक्यात पास झाली, ते आता खुपायला लागलं. तिचं फोनवरचं हसणं खुपलं. साहेब तिला 'हन्ना' म्हणतात आणि मला 'मिस परचुरे', हे खुपलं. पुण्याहून वडलांचं पत्र आलं, 'अ‍ॅडलरसाहेबांकडे रुजू झालीस का?', ते तिनं हन्नाला दिसू नये म्हणून पाककृतीच्या पुस्तकात दडवलं. त्या शनिवारी तिनं एकच कप चहा केला. हन्नानं पुस्तकातून मान वर केली, रिकाम्या ओट्याकडं पाहिलं आणि पुन्हा वाचायला लागली.

दुसऱ्या दिवशी रविवार. शेजारच्या श्रूजबरी गावात पुरुषोत्तम आणि शरयू लिमये राहायचे. पुरुषोत्तमकाका एका कारखान्यात इंजिनीयर. घर मोठं, मन मोठं, आणि महिन्यातून एकदा आसपासच्या मराठी मंडळींना जेवण. एरवी हन्नाही असायची, पण त्या दिवशी तिला प्रयोगशाळेत काम होतं. स्वयंपाकघरात पाच-सात बायका कोशिंबिरीला काकड्या चोचवत होत्या.

"काय गं, तुझं सिलेक्शन झालं ना?" शरयूकाकूंनी विचारलं.

सगळ्यांचे हात थांबले. अशा वेळी खरं बोलायला फार मोठी छाती लागते. उत्तरा म्हणाली, "नाही हो काकू. हन्नाला दिली जागा. प्रोफेसर ज्यू, हन्ना ज्यू. त्यांचं काय, आपसात असतं."

"हो, ते खरंय," एक काकू म्हणाल्या.

"आमच्या यांच्या ऑफिसात मद्रासी लोकांचं तस्संच आहे," दुसऱ्या म्हणाल्या.

"सीकेपींचं पण अगदी तेच," तिसऱ्यांनी भर घातली, मग इथं कुणी सीकेपी तर नाही ना म्हणून इकडंतिकडं पाहिलं.

शरयूकाकूंनी मान डोलावली, उत्तराच्या पाठीवरून हात फिरवला आणि तिच्या ताटात दोन पुरणपोळ्या जास्त वाढल्या. वाचकहो, या स्वयंपाकघरात तुम्ही-आम्ही सगळे जेवलो आहोत. दुसऱ्याला यश मिळालं की आधी त्याचं आडनाव विचारायचं आणि आडनावात यशाचं कारण शोधायचं, हा आपला जुना उद्योग. सातासमुद्रापार जाताना आपण लोणच्याच्या बरणीइतकाच जपून तोही नेतो. उत्तराला त्या दिवशी फार दिवसांनी पोटभर जेवण गेलं.

जे वाक्य मराठीत इतकं खपलं ते इंग्रजीत का खपू नये? सोमवारी कॉफीच्या यंत्रापाशी टॉड भेटला. जागा त्याचीही गेली होती.

"तुला काय वाटतं, तिलाच का?" त्यानं विचारलं.

उत्तरानं खांदे उडवले. "ते लोक आपल्या माणसांना सांभाळतात."

टॉडनं तिच्याकडं निरखून पाहिलं. "मी हे बोललो तर लोक मला खाऊन टाकतील," तो म्हणाला. "पण तू तर तिची रूममेट आहेस."

उत्तराला वाटलं, चला, मोकळं झालं मन. एवढंच. पण स्वयंपाकघरातलं वाक्य हात धुतल्यावर विसरलं जातं. हे वाक्य अशा ठिकाणी पडलं होतं जिथं ते पेरायला जमीन फार जुनी आणि नांगरून तयार होती.

आठवड्याभरानं हन्ना कँटीनच्या वाटेनं चालली होती. पुढ्यात टण्णकन एक पेनी, म्हणजे इथला एक सेंट, येऊन पडली. आपल्याकडं पायाशी पडलेलं नाणं ओलांडत नाहीत. हन्नानं वाकून ते उचललं, मागं बाकावर चार मुलं बसली होती त्यांच्याकडं गेली आणि म्हणाली, "तुमचं पडलं." मुलं पोट धरधरून हसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा पेनी पडली. तिनं पुन्हा उचलून नेऊन दिली.

त्या रविवारी शरयूकाकूंची मुलगी रुपाली दोघींकडं आली होती. रुपाली इथंच जन्मलेली, याच विद्यापीठात पहिल्या वर्षाला. हन्नानं तिला ही गंमत सांगितली. "काय वेंधळी मुलं आहेत यार, रोज पैसे सांडतात."

रुपालीचा चेहरा उतरला. "हन्ना, डोन्ट पिक इट अप," ती म्हणाली. "प्लीज. दे आर नॉट ड्रॉपिंग इट. ते ज्यू मुलांपुढे मुद्दाम टाकतात. तू उचलतेस का ते बघायला. बिकॉज... यू नो. ज्यू आर चीप, कंजूष, असं म्हणतात ना."

हन्नानं तिच्याकडं पाहिलं. मग म्हणाली, "मी दोनदा उचलली. आणि थँक यूची वाट बघत उभी राहिले." ती उठून न्हाणीघरात गेली आणि नळ सोडला. बाहेर उत्तरा आणि रुपाली त्या नळाचा आवाज ऐकत बसल्या. उत्तराच्या मनात त्या वेळी काय होतं ते लपवण्यात अर्थ नाही. तिला वाईट वाटलं. पण बुडाशी कुठंतरी असंही वाटलं, की बरं झालं, हिचंही सगळंच काही सुखाचं नाही.

मग हन्नाच्या टपालाच्या खणात चिठ्ठ्या यायला लागल्या. एकीवर लांब नाकाचं चित्र होतं. एकीवर लिहिलं होतं, जागा कितीला घेतलीस? विभागाच्या ऑफिसात तिनं दाखवल्या. तिथला मनुष्य सभ्यपणे म्हणाला, पोरांची चेष्टा आहे, मनावर घेऊ नका. हन्ना प्रयोगशाळेत जाताना मागच्या दारानं जाऊ लागली. शुक्रवारचा दिवा ती पूर्वी खिडकीत लावायची, तो आता ओट्याच्या कोपऱ्यात लावू लागली. आणि टॉडनं विभागाकडं लेखी तक्रार केली, की अ‍ॅडलर यांनी धर्म बघून जागा दिली. चौकशी समिती बसली. निकाल लागेपर्यंत हन्नाची जागा गोठवली. ती हन्नाकडून गेली तर लेखी परीक्षेच्या गुणांनुसार पुढचं नाव कुणाचं, ते सगळ्यांना ठाऊक होतं. उत्तराचं.

समितीनं अ‍ॅडलरसाहेबांना विचारलं, निवड कशावरून केली? ते म्हणाले, वह्यांवरून. कारण सविस्तर सांगा. ते म्हणाले, सांगणार नाही, त्यात एका विद्यार्थ्याचं नुकसान आहे. याचा अर्थ समितीनं काय घ्यायचा तो घेतला. जिन्यात उत्तरा समोर आली तेव्हा साहेब थांबले. फार थकलेले दिसत होते. "तीस वर्षांपूर्वी मी इथं नोकरीला आलो," ते म्हणाले, "तेव्हाच्या प्रमुखांनी मला विचारलं होतं, तुम्ही आलात म्हणजे आता तुमची आणखी माणसं येणार का? मला वाटलं होतं, निवृत्तीपर्यंत पुन्हा ऐकावं लागणार नाही." एवढं बोलून ते वर गेले. उत्तराला त्यांनी एका शब्दानंही अडवलं नाही की गळ घातली नाही.

हन्नाला मात्र उत्तराचाच आधार वाटत होता. "तू सांग ना गं समितीला," ती म्हणायची. "तू उन्हाळाभर माझ्या शेजारच्या टेबलाशी होतीस. मी कशी राबले ते तू पाहिलंयस. माझं नाही ऐकलं तरी तुझं ऐकतील."

"बघू," उत्तरा म्हणायची.

सुनावणीच्या दोन दिवस आधी तक्रारीची प्रत हन्नाच्या हातात पडली. ती दुपारी घरी आली तेव्हा उत्तरा कुकरला भात लावत होती. हन्नानं कागद ओट्यावर ठेवला. चौथ्या ओळीवर तिचं बोट होतं. 'तिच्याबरोबर राहणारी, तिच्याच देशातली विद्यार्थिनीसुद्धा म्हणते की ते लोक आपल्या माणसांना सांभाळतात.'

"हे तू म्हणालीस?"

"अगं, मी तसं नव्हतं..."

"म्हणालीस की नाही?"

"म्हणाले."

हन्ना खुर्चीत बसली. ओरडली असती तर उत्तराला सोपं गेलं असतं. "आमची बाय, माझी आजी, सांगायची," ती हळूहळू म्हणाली, "की आपली गलबतं कोकणच्या किनाऱ्याला फुटली, त्याला दोन हजार वर्षं झाली. तेव्हापासून गावानं आपल्याला काय काय म्हटलं, पण ज्यू म्हणून कुणी शिवी दिली नाही. इथल्या मुलांनी मला इंग्रजीत दिली, यार, ते समजू शकते. ते मला ओळखत नाहीत. तू माझ्या आईच्या हातचा चिवडा खाल्लायस."

मग ती उठली, खणातून स्क्रू काढायचं हत्यार घेतलं आणि दाराच्या चौकटीवरची पेटी काढू लागली. पेटी सहज निघेना. उत्तरा पुढं झाली, तशी हन्ना म्हणाली, "तू हात लावू नकोस." कुकरच्या शिट्ट्या होत राहिल्या, गॅस कुणीच बंद केला नाही.

त्या दोन दिवसांत उत्तरानं हजार हिशेब मांडले. गप्प बसलं तर जागा आपली. खोटं बोलायचंच नाही, नुसतं गप्प बसायचं. त्याला कुणी पाप म्हणेल का? आणि खरं सांगितलं तर? आकडे गाळणाऱ्या परदेशी विद्यार्थिनीला विद्यापीठ काढून टाकू शकतं. काढलं की व्हिसा संपला. वडील पुण्यात कुणाला तोंड दाखवतील? एवढं सगळं समोर असूनही तिला राहून राहून दिसत होतं ते एकच, हन्ना त्या चार मुलांपुढं हातात पेनी घेऊन, हसऱ्या चेहऱ्यानं, थँक यूची वाट बघत उभी आहे.

सुनावणीत समितीच्या अध्यक्षांनी विचारलं, "मिस परचुरे, हे वाक्य तुमचं आहे?"

"माझं आहे. आणि ते खोटं आहे," उत्तरा म्हणाली. "बोलले तेव्हाही मला माहीत होतं की ते खोटं आहे." आणि तिनं आपली वही आणि यंत्राच्या कागदाची गुंडाळी शेजारी शेजारी ठेवली, गाळलेले तीन आकडे बोटानं दाखवले, आणि अ‍ॅडलरसाहेब दार लावून काय म्हणाले ते शब्दाला शब्द सांगितलं. "मला हेवा वाटत होता," ती शेवटी म्हणाली. "कारण शोधायला मला फार लांब जावं लागलं नाही. ते तयारच होतं." टॉड खाली बघत होता. साहेबांनी डोळ्यांवर हात धरला होता.

निकाल आठवड्यात लागला. हन्नाची जागा तिला परत मिळाली. टॉडला समज दिली गेली. पेनी टाकणारी मुलं कोण, याचा शोध घेण्याची गरज कुणाला वाटली नाही. उत्तराला काढलं नाही, पण तिचं उन्हाळ्यातलं काम रद्द धरलं आणि पहिलं वर्ष पुन्हा करायला लावलं. वडलांना तिनं सगळं खरं लिहिलं. त्या पत्राला दीड महिना उत्तर आलं नाही.

हन्ना एका सहाध्यायिनीकडं राहायला गेली. महिन्याअखेरीस उरलेली पुस्तकं न्यायला आली तेव्हा उत्तरानं तिचा हात धरला. "हन्ना, मला माफ कर गं. मी समितीला सगळं सांगितलं."

"ऐकलं मी. धीर लागतो त्याला," हन्ना म्हणाली. "पण माझं काय झालंय सांगू? परवा साहेब म्हणाले, शाबास, छान काम आहे. आणि मी आधी मागं वळून बघितलं, कुणी ऐकलं तर नाही ना. माझं काम चांगलं झालं की आता मला भीती वाटते. हे कुठल्या समितीकडून परत आणू?"

उत्तरानं तिचा हात सोडला.

"आणि समितीपुढं तू इंग्रजीत बोललीस," हन्ना दारातून म्हणाली. "पहिल्यांदा कुठं बोलली होतीस ते मला रुपालीनं सांगितलं. तिथं जाऊन मराठीत सांगितलंस का?"

पुढच्या रविवारी श्रूजबरीला लिमयांकडं पंचवीस माणसं जमली होती. बाहेर बर्फ पडलं होतं, आत मसालेभाताचा वास सुटला होता. शरयूकाकू पानं वाढत होत्या. उत्तरा ताट न घेता दिवाणखान्याच्या मधोमध उभी राहिली. समितीपुढं बोलणं यापेक्षा सोपं होतं.

"मला सगळ्यांना काही सांगायचंय," ती म्हणाली. "मागे मी या घरात म्हणाले, हन्ना ज्यू आहे म्हणून तिला जागा मिळाली. ते खोटं होतं. ती माझ्यापेक्षा प्रामाणिक आहे म्हणून तिला मिळाली. मी प्रयोगात लबाडी केली होती. तेच वाक्य मग मी कॉलेजात बोलले, आणि तिच्यापुढं लोकांनी पैसे फेकले."

वाढणाऱ्या पळ्या थांबल्या. कुणीतरी म्हणालं, "अगं, जाऊ दे आता, जेवून घे." एक काकू लगबगीनं पापड आणायला आत गेल्या. शरयूकाकू मात्र हातातलं पातेलं खाली ठेवून तिथंच भिंतीशी बसल्या. "मी मान डोलावली होती," त्या म्हणाल्या. "वर तुला जास्तीची पोळी वाढली."

पुरुषोत्तमकाका भला माणूस. घरात आलेल्या मुलीच्या डोळ्यांत पाणी त्यांना बघवेना. ते उठले, उत्तराच्या डोक्यावर हात ठेवून समजुतीच्या सुरात म्हणाले, "एवढं काय मनाला लावून घेतेस बाळ? तू काही वेगळं नाही बोललीस. असं तर आपण सगळ्यांबद्दलच बोलतो."

"रिअली, बाबा?" कोपऱ्यातून रुपाली म्हणाली. "सगळ्यांबद्दल?"

 उत्तर द्यायला त्या खोलीत पंचवीस शहाणी, शिकलेली, पदवीधर माणसं होती. सगळ्यांनी मान खाली घातली आणि जेवायला सुरुवात केली.